मोकळा सुटलेला माणूस कोणाचा? अमेरिकन फुटबॉलमधलं पास प्रोटेक्शन आणि ब्लिट्झचा हिशोब

क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास फेकणाऱ्याच्या, हातात चेंडू येतो, तो दोन-तीन पावलं मागे सरतो, मान वर करून बघतो, तोवर समोरच्या संघाचा, त्यांच्या पुढच्या फळीमागे उभा राहणारा एक लाइनबॅकर त्याच्या छातीवर आदळलेला असतो. त्या लाइनबॅकरला वाटेत कोणी साधा हातही लावलेला नसतो. बघणाऱ्याला वाटतं, समोरची पाच धिप्पाड माणसं करत काय होती? खरं तर पुष्कळदा त्या पाचही जणांनी आपापलं ठरलेलं काम चोख केलेलं असतं, आणि तरी एक माणूस मोकळा सुटतो. असं का होतं, हे समजायला ताकदीपेक्षा आधी मोजणी समजून घ्यावी लागते.

दोन्हीकडे अकरा-अकरा खेळाडू. ऑफेन्सच्या, म्हणजे चेंडू ज्यांच्याकडे आहे त्यांच्या, अकरांत पाच जणांची फळी: मधोमध सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड, त्यांच्या बाहेर टॅकल. या पाच जणांना पुढे धावून पास झेलता येत नाही. त्यांचं काम अडवण्याचं. एक क्वार्टरबॅक. उरले पाच, आणि हे पाचही पास झेलायला जाऊ शकतात. यातल्या कोणाला अडवायला मागे ठेवलं, की झेलणारा एक कमी झाला. पाच अडवणारे तर पाच झेलणारे, सहा अडवणारे तर चार झेलणारे, सात तर तीन.

आता डिफेन्सची बाजू बघा. त्यांच्याकडे क्वार्टरबॅकसारखा मोजणीतून वजा होणारा कोणी नाही. म्हणून तुम्ही कितीही माणसं अडवायला ठेवा, डिफेन्स त्याहून एक जास्त पाठवू शकतो. साधारणपणे चौघे धावून येतात. पाच किंवा जास्त आले तर त्याला ब्लिट्झ म्हणतात. सहा जण अडवायला ठेवलेत आणि सात आले, तर एक मोकळा सुटणारच. मात्र त्याची किंमत डिफेन्सही मोजतो: सात पुढे आले म्हणजे मागे चार उरले, आणि तुमचे झेलणारेही चार. प्रत्येकामागे एकटा माणूस, मदतीला कोणी नाही. त्यामुळे प्रोटेक्शन ठरवताना एक प्रश्न आधीच सोडवून ठेवावा लागतो: ज्याला आपण अडवू शकणार नाही तो कुठून येईल, आणि तो आला तर चेंडू कुठे जाईल? हा प्रश्न न सोडवता मैदानात उतरलेला संघ क्वार्टरबॅकला मार खायला उभा करतो.

सहा दारं, पाच राखणदार

फळीतल्या माणसांमधल्या फटींना अक्षरं आहेत. सेंटर आणि गार्डमधली ए गॅप, गार्ड आणि टॅकलमधली बी, टॅकलच्या बाहेरची सी. डावीकडे तीन, उजवीकडे तीन. म्हणजे दारं सहा आणि राखणदार पाच. सहावं दार बहुतेक वेळा रनिंग बॅककडे, म्हणजे क्वार्टरबॅकजवळ उभा राहून एरवी चेंडू घेऊन धावणाऱ्याकडे, जातं, आणि ब्लिट्झचे निम्मे डाव त्याच्यावरच रचलेले असतात.

राखण करण्याच्या दोन मूळ पद्धती आहेत. पहिलीत प्रत्येकाला एक माणूस नेमून दिलेला असतो. तो जिकडे जाईल तिकडे तुम्ही. दुसरीत प्रत्येकाला एक गॅप मिळते आणि सगळी फळी एका दिशेला सरकते, त्या गॅपमध्ये जो येईल तो तुमचा. हिला स्लाइड म्हणतात. पूर्ण फळी डावीकडे सरकली तर उजवीकडचं शेवटचं दार रनिंग बॅकला सांभाळावं लागतं, आणि तिथे बहुधा डिफेन्सच्या फळीतला टोकाचा गडी, म्हणजे डिफेन्सिव्ह एंड, असतो: सव्वाशे किलोच्या आसपासचा, वेगवान, याच कामासाठी पगार घेणारा. समोर पंचाण्णव-शंभर किलोचा रनिंग बॅक. हा सामना एखाद्या झटपट पासपुरता ठीक आहे, सामनाभर परवडत नाही.

म्हणून व्यावसायिक आणि कॉलेज फुटबॉलमध्ये सर्वांत जास्त चालते ती अर्धी स्लाइड. समजा स्लाइड डावीकडे आहे. सेंटर, डावा गार्ड आणि डावा टॅकल डावीकडच्या ए, बी, सी गॅप घेतात. उजवा गार्ड आणि उजवा टॅकल आपल्या समोरचे मोठे गडी माणसाला माणूस धरतात. उजवीकडून आणखी जो येईल तो रनिंग बॅकचा.

स्नॅपच्या, म्हणजे सेंटरने चेंडू मागे देण्याच्या, आधी क्वार्टरबॅक एखाद्या लाइनबॅकरकडे बोट दाखवून त्याचा नंबर ओरडतो, ‘चोपन्न माइक!’ ते याच मोजणीसाठी. डिफेन्समध्ये मधल्या लाइनबॅकरला माइक म्हणतातच, पण इथे त्या शब्दाचा अर्थ वेगळा आहे. ‘फळीचे पाच जण समोरच्या चार लाइनमनना आणि या पाचव्याला घेतील, त्याच्या पलीकडचा रनिंग बॅकचा’, एवढं सगळं त्या एका नंबरात येतं. पुष्कळ संघांत ही मोजणी सेंटर करतो आणि क्वार्टरबॅकला ती बदलण्याचा अधिकार असतो. मग सेंटर दिशेचा शब्द देतो. ‘लकी’ म्हणजे डावीकडे, ‘रिंगो’ म्हणजे उजवीकडे, अशी इंग्रजी आद्याक्षरांवरून जुळवलेली नावं. प्रत्येक संघाची वेगळी. माइक चुकीचा ठरवला तर पाचही जण बरोबर खेळून सगळे चुकतात.

एकच प्ले, जवळून

तिसरा डाउन, म्हणजे दहा यार्ड गाठायच्या चार प्रयत्नांतला तिसरा, अजून सात यार्ड हवेत. क्वार्टरबॅक शॉटगनमध्ये, सेंटरच्या पाच यार्ड मागे. रनिंग बॅक त्याच्या शेजारी. स्लाइड डावीकडे. समोर डिफेन्सचे चार लाइनमन: दोन टॅकल (नाव तेच, पण हे डिफेन्सचे) दोन्ही बी गॅपमध्ये, दोन एंड बाहेर. आणि दोन लाइनबॅकर थेट फळीच्या तोंडाशी आलेत, एक डाव्या ए गॅपवर, एक उजव्या. ‘डबल ए गॅप’ म्हणतात तो हाच देखावा. माइक झिमर २०१४ ते २०२१ मिनेसोटा व्हायकिंग्जचे मुख्य प्रशिक्षक होते, त्या काळात त्यांच्या डिफेन्सची ही ओळखच झाली होती.

सहाही जण आले तर हिशोब जुळतो. सेंटर डाव्या ए मधला घेतो, डावा गार्ड बी मधला टॅकल, डावा टॅकल एंडला. उजवीकडे गार्ड आणि टॅकल आपापला माणूस. उजव्या ए मधला लाइनबॅकर रनिंग बॅकचा. कागदावर सहाला सहा. प्रत्यक्षात तो लाइनबॅकर चेंडू ठेवलेल्या रेषेपासून एक यार्डावर आहे आणि बॅक पाच यार्ड मागे. बॅकने पुढे झेपावून त्याला फळीच्या जवळच गाठलं तर बरं. तो जागेवर थांबला तर धडक क्वार्टरबॅकच्या पायाशी होते आणि अडवूनही पॉकेट, म्हणजे फळीने क्वार्टरबॅकभोवती राखलेली जागा, मोडतो. बॅक डावीकडे उभा असेल तर त्याला क्वार्टरबॅकच्या तोंडासमोरून ओलांडून जावं लागतं, तेवढ्यात अर्धं पाऊल हातचं जातं. बॅकला कोणत्या बाजूला उभं करायचं हा निर्णय म्हणूनच वाटतो तितका किरकोळ नाही.

आता त्यात भर म्हणून उजवीकडचा निकेल बॅक, म्हणजे आतल्या रिसीव्हरसमोरचा (फळीला जवळच्या झेलणाऱ्यासमोरचा), मागे पास रोखणाऱ्यांतला पाचवा डिफेन्सिव्ह बॅक, तोही धावून आला. सात विरुद्ध सहा. बॅकचा नियम इथे पक्का असतो: आधी आतला, मग बाहेरचा. आतून येणाऱ्याला क्वार्टरबॅकपर्यंतचा रस्ता सगळ्यांत जवळचा, बाहेरून येणाऱ्याला वळसा. म्हणून मोकळा सोडायचाच तर बाहेरचा सोडायचा. तो सुटलेला निकेल आता क्वार्टरबॅकचा माणूस आहे. त्याला अडवायचं नाही, हरवायचं आहे चेंडूने: निकेलने सोडलेल्या जागेत आतला रिसीव्हर लगेच वळतो, आणि चेंडू दोन सेकंदांच्या आत तिकडे जातो. याला हॉट म्हणतात. ही गोष्ट दोघांनाही एकाच क्षणी दिसायला हवी. क्वार्टरबॅकला दिसली आणि रिसीव्हर लांब पळत राहिला, तर चेंडू रिकाम्या गवतावर पडतो आणि शिव्या क्वार्टरबॅकला बसतात. रिसीव्हरला दिसली आणि क्वार्टरबॅकला नाही, तर सॅक, म्हणजे पास फेकण्याआधीच क्वार्टरबॅक आडवा.

इथपर्यंत निदान मोजून उत्तर सापडतं. खरी फसगत पुढे आहे.

तोच देखावा, तेच दोन लाइनबॅकर ए गॅपवर. स्नॅप होतो आणि दोघेही उलट पावली मागे पळतात. डावीकडचा एंडसुद्धा मागे पास कव्हर करायला जातो. उजवा एंड आत बी गॅपकडे घुसतो आणि त्याच्या बाहेरून निकेल येतो. मोजा: दोन टॅकल, एक एंड, एक निकेल. आले फक्त चार! इकडे सेंटर डावीकडे वळून हवेला अडवतोय, डाव्या टॅकलसमोर कोणी नाही, उजवा टॅकल एंडबरोबर आत ओढला गेला, आणि रनिंग बॅक नियमाप्रमाणे आधी आत बघायला गेल्यामुळे निकेलपर्यंत पोचायला उशीर झाला. सहा जण चौघांना अडवताहेत, तरी एक मोकळा. शिवाय मागे सात जण कव्हर करायला शिल्लक, त्यामुळे हॉटची जागाही भरलेली.

या प्रकाराला आता सिम्युलेटेड प्रेशर म्हणतात. मुळाशी झोन ब्लिट्झची कल्पना आहे. १९८०च्या दशकात सिनसिनाटी बेंगल्समध्ये डिक लबो यांनी ती घडवली, आणि १९९०च्या दशकात पिट्सबर्गमध्ये ती इतकी गाजली की त्या संघालाच ‘ब्लिट्झबर्ग’ म्हणू लागले. ज्याला अडवायचं ठरवून ठेवलंय तो लाइनमन मागे हटवायचा आणि ज्याला मोजलं नाही तो पाठवायचा. डिफेन्स इथे तुमच्या माणसांवर नव्हे, तुमच्या नियमांवर हल्ला करतो.

उपाय आहे, पण तो अर्ध्या सेकंदात करावा लागतो. सेंटरला डावीकडे काम दिसलं नाही की त्याने जागेवर थांबून लगेच उजवीकडे नजर फिरवायची. तो मदतीला आला तर उजवा गार्ड आपला टॅकल त्याच्या हाती देऊन बाहेर सरकतो, आत घुसणारा एंड घेतो, आणि उजवा टॅकल त्या एंडला सोडून निकेलकडे जातो. तिघांपैकी एकाने जरी उशीर केला तरी साखळी तुटते. म्हणूनच जे पाच जण वर्षानुवर्षं शेजारी-शेजारी खेळलेत, त्यांची किंमत सुट्या सुट्या गुणांच्या बेरजेपेक्षा जास्त असते. हे माझं ठाम मत आहे: एका जखमी गार्डच्या जागी तितकाच ताकदवान नवा गार्ड आणला, तरी प्रोटेक्शन काही आठवडे तरी कच्चं राहतं.

अदलाबदल, खोली आणि हात

ब्लिट्झ नसतानाही डिफेन्स फळीची गाठ सोडवतो, ती ट्विस्टने. डिफेन्सिव्ह टॅकल तिरका बाहेर घुसतो, आणि एंड त्याच्या मागून वळसा घालून आत येतो. इथे गार्डने आपला माणूस टॅकलला देऊन येणाऱ्या एंडला घ्यायचं असतं. एकच अट: गार्ड आणि टॅकल एका पातळीवर उभे हवेत. टॅकल एक यार्ड मागे आणि गार्ड पुढे असेल, तर आत घुसणारा त्या दोघांच्या मधून जातो किंवा दोघे आपसातच आदळतात. कबड्डी खेळलेल्याला हे लगेच कळेल. साखळीतला एक पुढे धावला आणि दुसरा मागे राहिला की चढाईवाला मधून निसटतो. नव्या गार्डला शिकवायचं वाक्य साधं आहे: तुझा माणूस तुझ्यापासून स्वतःहून पळाला, तर त्याच्या मागे जाऊ नको, दुसरा कोणी येतोय.

क्वार्टरबॅकने किती मागे जायचं, ही खोलीची गोष्ट सगळ्यांत कमी बोलली जाते. ऑफेन्सिव्ह टॅकल आपला कोन एका ठरलेल्या बिंदूवरून मोजतो. शॉटगनमधून तीन पावलं म्हटली तर तो बिंदू रेषेच्या सात-आठ यार्ड मागे. बाहेरून येणाऱ्या एंडला टॅकल पूर्ण थांबवत नाही, त्याला त्या बिंदूच्या मागून वळसा घालायला लावतो. क्वार्टरबॅक घाबरून दहा यार्ड मागे गेला, तर टॅकलने बरोबर ढकललेला एंड नेमका त्याच्याच अंगावर पोचतो. कॅमेऱ्यात टॅकल हरलेला दिसतो, चूक असते क्वार्टरबॅकच्या पायांची. उलटंही घडतं: सेंटर आणि गार्ड मागे रेटले गेले तर क्वार्टरबॅकला पुढे पाऊल टाकायला जागाच उरत नाही. पॉकेटची खोली आतले तिघे राखतात, रुंदी बाहेरचे दोघे.

हातांचं म्हणाल, तर १९७८ साली एनएफएलने, म्हणजे अमेरिकेतल्या व्यावसायिक लीगने, लाइनमनला हात लांब करून उघड्या तळव्यांनी अडवायची मुभा दिली आणि हे सगळं तंत्रच बदललं. तळवे समोरच्याच्या छातीच्या चौकटीत हवेत, कोपर अंगाशी, कंबर खाली. हात बाहेर गेले की जर्सी ओढली जाते, आणि होल्डिंगचा दंड १० यार्डांचा आहे.

रनिंग बॅकसाठी आणखी एक सापळा सांगायला हवा. जो लाइनबॅकर माणसाला माणूस म्हणून बॅकलाच कव्हर करतोय, तो वाट बघतो. बॅक अडवायला थांबला हे दिसलं की त्याचं कव्हर करायचं काम संपलं. मग तो स्वतःच धावून येतो. म्हणजे बॅक थांबल्यामुळेच आणखी एक जण येतो, तोही उशिरा, सगळे गुंतलेले असताना. याला उतारा असा की कोणी आलं नाही तर बॅकने मागे रेंगाळायचं नाही, झटकन बाहेर पडून झेलायला तयार व्हायचं. त्या लाइनबॅकरला मग त्याच्यामागे जावंच लागतं.

स्नॅपच्या आधी काय दिसतं

अंदाज लावायला खुणा असतात. निकेलच्या पाठीमागचा सेफ्टी, म्हणजे सगळ्यांत मागे राहणारा डिफेन्सिव्ह बॅक, बारा यार्डांवरून आठ यार्डांवर सरकला, तर बहुधा निकेल येणार आहे आणि सेफ्टी त्याची जागा भरणार आहे. एखाद्या लाइनमनने हातावर वजनच टाकलेलं नाही, तर तो मागे हटणार असण्याची शक्यता आहे. क्वार्टरबॅक खोटी आरोळी देऊन बघतो. अधीर लाइनबॅकर अर्धं पाऊल पुढे टाकतो आणि आपला बेत उघड करतो.

वेळ मात्र फार थोडा असतो. प्लेचं घड्याळ ४० सेकंदांचं, आणि एनएफएलमध्ये त्यातले १५ सेकंद उरले की हेल्मेटमधल्या रेडिओवरचा प्रशिक्षकाचा आवाज बंद होतो. पुढचं सगळं क्वार्टरबॅक आणि सेंटरच्या डोक्यावर. परक्या मैदानात सत्तर हजार लोक ओरडत असतील तर आरोळीही ऐकू जात नाही. मग गार्ड मागे बघून खूण घेतो, सेंटरला हात लावतो, सेंटर मान हलवतो आणि ठरलेल्या क्षणानंतर स्नॅप देतो. या मूक पद्धतीत खोटी आरोळी जवळजवळ निकामी होते, आणि सेंटरच्या मानेची लय एकदा ओळखली की समोरचे एंड टॅकलच्या आधी सुटतात. म्हणून ती लय बदलत राहावी लागते.

डोकेदुखी एकाच खेळाडूची असेल तर माणूस बदलणं हाही मार्ग असतो. ३ जानेवारी १९८२ रोजी सॅन फ्रान्सिस्को फोर्टीनाइनर्सचे प्रशिक्षक बिल वॉल्श यांच्यापुढे न्यूयॉर्क जायंट्सचा लाइनबॅकर लॉरेन्स टेलर होता, पहिल्याच वर्षात लीग हादरवलेला. बाहेरून येणाऱ्या लाइनबॅकरला रनिंग बॅकने घ्यायचं ही तोवरची रीत. वॉल्श यांनी डावा गार्ड जॉन एअर्स याला मागे ओढून टेलरसमोर उभं केलं. सॅन फ्रान्सिस्को ३८–२४ जिंकलं. त्याच वर्षीपासून एनएफएल सॅकची अधिकृत नोंद ठेवू लागली.

आणि ब्लिट्झ न करताही प्रोटेक्शन किती कोसळू शकतं, हे ७ फेब्रुवारी २०२१च्या सुपर बोलने दाखवलं. कॅन्सस सिटी चीफ्सचे दोन्ही नेहमीचे टॅकल जखमी होते. टॅम्पा बेने क्वचितच ब्लिट्झ केली, चौघांनाच पाठवून पॅट्रिक महोम्सला मैदानभर पळवलं आणि मागे सात जण ठेवले. चीफ्सना एकही टचडाउन मिळाला नाही, ३१–९. पुढच्या हंगामात त्यांनी पाचही जागी नवे लाइनमन उतरवले. दोन वर्षांनी, २०२३च्या सुपर बोलमध्ये, समोर फिलाडेल्फिया होतं, त्या हंगामात ७० सॅक केलेलं. त्यांना त्या सामन्यात एकही सॅक मिळाला नाही, आणि चीफ्स ३८–३५ जिंकले.

भारतात सुपर बोल सोमवारी पहाटे पाचला सुरू होतो. तेव्हा जागे राहणार असाल, किंवा अमेरिकेत मुलाच्या शाळेच्या सामन्याला बाकावर बसणार असाल, तर सॅक झाल्यावर रिप्ले असा बघा. आधी धावून आलेले मोजा, मग अडवणारे. येणारे जास्त असतील तर फळीला सोडा. चेंडू वेळेत का सुटला नाही आणि आतला रिसीव्हर कुठे बघत होता ते पाहा. अडवणारे जास्त असूनही कोणी सुटला असेल, तर सेंटरची पाठ कोणत्या बाजूला आहे ते बघा. मोकळा माणूस बहुधा त्या पाठीमागून आलेला असतो. मग त्या बाजूचा रनिंग बॅक शोधा: तो आत बघत होता की बाहेर, आणि त्याला आत बघायला लावणारा लाइनबॅकर त्या क्षणी कुठे पळत होता.